मंडळीतील उदार दान: मागणीकडून सहभागाकडे

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता आल्या पाहिजेत:

• दशमांश, अर्पण आणि स्वेच्छादान यांतील फरक सांगणे.
• पौलाने यरुशलेममधील गरिबांसाठी जमवलेल्या वर्गणीची पद्धत समजावून सांगणे.
• मिझोराम आणि दोर्नाकल येथील उदाहरणांवरून गरीब मंडळीही स्वावलंबी कशी होते ते स्पष्ट करणे.
• आपल्या मंडळीसाठी दानाची साधी, पारदर्शक आणि कोणावरही दडपण न आणणारी व्यवस्था आखणे.

१. प्रस्तावना

ख्रिस्ती परिभाषेत ‘मंडळी’ म्हणजे इमारत नव्हे. एकत्र उपासना करणाऱ्या विश्वासणाऱ्यांचा समुदाय म्हणजे मंडळी. या समुदायाला खर्च असतो. पाळकांचे वेतन, चर्चची डागडुजी, वीजबिल, दफनभूमीची देखभाल, रविवारची शाळा, आजारी व निराधारांना मदत, सुवार्ताकार्य, शिवाय धर्मप्रांताच्या किंवा वरिष्ठ मंडळाच्या निधीतला वाटा. हा पैसा प्रामुख्याने सभासदांच्या दानातून येतो.

दान कमी पडू लागले की जबाबदार मंडळींपुढे सहसा दोन वाटा दिसतात. पहिली वाट म्हणजे व्यासपीठावरून पुन्हा पुन्हा मागणे. दुसरी वाट अधिक धोक्याची आहे. न देणाऱ्याला लाज वाटेल अशी व्यवस्था करणे, देवाच्या शिक्षेची भीती घालणे, किंवा दिले तर दुप्पट मिळेल असे आमिष दाखवणे, हे सगळे त्या वाटेवरचे प्रकार. दोन्ही वाटांनी काही काळ पैसा येतो. पण लोकांच्या मनात देण्याविषयी कंटाळा किंवा भीती बसते, आणि ज्यांच्याजवळ थोडे आहे ते सर्वांत आधी मागच्या बाकावर सरकतात. पुढे ते येईनासे होतात.

या पाठाचे म्हणणे असे आहे: उदारता वाढवायची असेल तर मागणीचा जोर वाढवून उपयोग नाही. प्रत्येक घराला, अगदी सर्वांत गरीब घरालाही, स्वखुशीने देता येईल असे माप ठरवावे लागते. दिलेले कोठे गेले हेही त्या घराला कळावे लागते. बायबलमधील आणि भारतातील काही उदाहरणे घेऊन हे आपण पाहू.

२. काही मूलभूत संज्ञा

दशमांश: उत्पन्नाचा दहावा भाग. जुन्या करारातील लेवीय २७, गणना १८ आणि अनुवाद १४ या अध्यायांत याचे नियम येतात. लेवी वंशाला शेतजमिनीचा वाटा मिळालेला नव्हता, म्हणून इतर वंशांच्या दशमांशावर त्यांचा निर्वाह होई. अनुवाद १४ मध्ये आणखी एक तरतूद आहे. दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातच साठवायचा, आणि त्यावर लेव्याबरोबर परदेशी, अनाथ व विधवा यांचाही हक्क असे. दशमांशाची ही बाजू प्रवचनांत बहुतेक वेळा राहून जाते.

अर्पण: उपासनेचा भाग म्हणून दिलेले दान. ते पैशाचे असेल, धान्याचे असेल, किंवा कापणीच्या सणाला आणलेल्या पहिल्या पिकाचे.

स्वेच्छादान: ठरलेल्या प्रमाणाबाहेर, मनाला वाटले म्हणून दिलेले दान. निवासमंडप उभारताना लोकांनी आणलेल्या वस्तू हे याचे ठळक उदाहरण. निर्गम ३६ मध्ये असा प्रसंग आहे की कारागिरांनी मोशेकडे येऊन सांगितले, लोक गरजेपेक्षा जास्त आणत आहेत. त्यावर मोशेने छावणीत आज्ञा फिरवली की आता आणू नका. दान पुरे झाले असे जाहीर करणारा नेता फार थोड्या ठिकाणी भेटतो, म्हणून हा प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

सभासद वर्गणी: सभासदत्वासाठी ठरवलेली किमान रक्कम. ही प्रशासकीय सोय आहे. तिला अर्पण समजण्याची गल्लत होते, त्याविषयी पुढे सहाव्या भागात पाहू.

नव्या करारातील पत्रांत मंडळीला दशमांशाचा ठराविक आकडा घालून दिलेला नाही. त्यामुळे आजच्या मंडळ्यांत मतभेद आहेत. काही मंडळ्या दशमांश हे कर्तव्य मानतात, काही तो मार्गदर्शक आकडा मानतात. कोणतीही भूमिका घेतली तरी एक साधे गणित विसरू नये. महिना १०,००० रुपये मिळवणाऱ्या कुटुंबाने १,००० दिले तर घरात ९,००० उरतात. १,००,००० मिळवणाऱ्याने १०,००० दिले तर ९०,००० उरतात. प्रमाण सारखे, पण भार सारखा नाही. म्हणून प्रमाण शिकवताना भाराचाही विचार शिकवावा लागतो.

३. पौलाची वर्गणी: एक प्राचीन नमुना

इसवी सनाच्या पन्नाशीच्या दशकात प्रेषित पौल याने मासेदोनिया आणि अखया (आजचा ग्रीस) येथील मंडळ्यांकडून यरुशलेममधील गरीब विश्वासणाऱ्यांसाठी निधी जमवला. देणारे बहुतेक बिगरयहुदी होते, घेणारे यहुदी. या निधीचे उल्लेख रोम १५, १ करिंथ १६ आणि विशेषतः २ करिंथ ८ व ९ या अध्यायांत आहेत. मंडळीत दानाविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने हे दोन अध्याय सलग वाचावेत. त्यांतून सहा गोष्टी हाती लागतात.

(अ) शब्दांची निवड. या दोन अध्यायांत पौल पैशासाठीचा नेहमीचा शब्द वापरत नाही. तो ‘खारिस’ म्हणजे कृपा, ‘कोइनोनिया’ म्हणजे सहभाग, आणि ‘सेवा’ अशा शब्दांत बोलतो. देण्याची क्षमता ही आधी मिळालेल्या कृपेतून येते, असा त्याचा विचार आहे. आपण कोणते शब्द वापरतो यावर लोक दानाला कर समजतात की सहभाग, हे बरेच अवलंबून असते.

(आ) गरिबांचे उदाहरण. करिंथकरांपुढे तो मासेदोनियातील मंडळ्यांचे उदाहरण ठेवतो. त्या मंडळ्या स्वतः हलाखीत होत्या, तरी या कामात आम्हालाही घ्या अशी त्यांनीच विनंती केली. गरिबाला फक्त घेणारा समजणे चूक आहे, हे यातून स्पष्ट होते.

(इ) सक्ती नाही. मी आज्ञा करत नाही, असे पौल उघडपणे लिहितो. प्रत्येकाने आधी मनात ठरवावे, मग द्यावे. कुरकुरत किंवा दडपणाखाली देऊ नये. आनंदाने देणाऱ्यासाठी त्याने वापरलेला ग्रीक शब्द ‘हिलारोस’ असा आहे. त्यात प्रसन्न, हसतमुख असा भाव आहे.

(ई) आहे त्यातून देणे. ज्याच्याजवळ जे आहे त्यावरून दान मोजावे, जे नाही त्यावरून मोजू नये, असे तो सांगतो. देणाऱ्याने स्वतः अडचणीत यावे असा त्याचा हेतू नाही. आज तुमच्या भरपूरीने त्यांची उणीव भरावी, उद्या त्यांच्या भरपूरीने तुमची. यासाठी तो ‘इसोतेस’ म्हणजे समानता हा शब्द वापरतो, आणि अरण्यातील मान्न्याची आठवण करून देतो.

(उ) ठरलेली वेळ. १ करिंथ १६ मध्ये त्याची सूचना अगदी व्यवहारी आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे थोडे बाजूला काढून ठेवावे, म्हणजे मी आल्यावर धावपळ नको. मोठ्या सभेतला क्षणिक भावनावेग त्याला नको होता, घरातली सवय हवी होती.

(ऊ) हिशोबाची खबरदारी. रक्कम पौल एकटा नेत नाही. तीत आणि आणखी दोन बंधू या कामाला लावले जातात, आणि त्यांतील एकाला तर मंडळ्यांनीच नेमलेले असते. एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी आपल्याला दोष देऊ नये, देवासमोर आणि माणसांसमोरही व्यवहार चोख असावा, असे कारण तो देतो. प्रेषितालाही हिशोबाची गरज वाटली, तर आजच्या कोषाध्यक्षाने ती अविश्वासाची खूण मानण्याचे कारण नाही.

४. विधवेची दोन नाणी: वाचताना घ्यायची काळजी

दानाविषयीच्या प्रवचनात मार्क १२ मधील गरीब विधवा हमखास येते. श्रीमंत लोक मंदिराच्या दानपेटीत पुष्कळ टाकत होते, तिने दोन अगदी लहान नाणी टाकली, आणि येशूने तिचे दान सर्वांत मोठे ठरवले, कारण तिने आपली सगळी उपजीविका दिली होती.

या प्रसंगाच्या अगदी आधी काय आहे तेही पाहा. येशू शास्त्री लोकांवर टीका करत आहे: ते लांबलचक प्रार्थना करतात आणि विधवांची घरे गिळून टाकतात. दोन्ही भाग एकत्र वाचले की अर्थाला धार येते. विधवेच्या मनाचा मोठेपणा खरा आहे. पण तिच्याजवळचे शेवटचे नाणेही घेणारी व्यवस्था निर्दोष ठरते, असे हा उतारा म्हणत नाही. म्हणून निधीसाठी हा उतारा वापरणाऱ्याने एक प्रश्न आधी स्वतःला विचारावा: आपल्या मंडळीतील विधवेला आपल्या निधीतून काय मिळते?

५. भारतातील अनुभव

५.१ परक्या पैशाचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकात भारतातील अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या मिशनच्या पैशावर चालत. पाळक, शिक्षक, बायबल स्त्रिया यांना मिशनकडून पगार मिळे. इंग्लंडमधील चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन आणि अमेरिकन बोर्डाचे रूफस अँडरसन या दोघांनी त्याच शतकात असा विचार मांडला की स्थानिक मंडळी स्वयंपोषित, स्वयंशासित आणि स्वयंप्रसारित झाली पाहिजे. अँडरसन १८५४-५५ मध्ये भारतात आले, तेव्हा अहमदनगर परिसरात काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या धोरणावरही या विचाराची छाप पडली.

मराठी ख्रिस्ती समाजात हा प्रश्न रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीही स्वतःच्या आयुष्यात सोडवून पाहिला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ सुरू केला. भारतीय ख्रिस्ती जीवन परक्या पैशावर उभे राहू नये, ही तळमळ त्यामागे होती.

५.२ मिझोराम: मूठभर तांदूळ

मिझो टेकड्यांत १८९४ मध्ये जे. एच. लॉरेन आणि एफ. डब्ल्यू. सॅव्हिज हे पहिले दीर्घकाळ राहणारे मिशनरी पोहोचले. १८९७ पासून वेल्श मिशनचे काम सुरू झाले. झूम शेती करणारा, रोख पैसा फारसा हाती नसलेला हा समाज होता. बांबूला फुलोरा आल्यावर उंदरांची संख्या वाढून पडणारा ‘मौताम’ नावाचा दुष्काळ त्याच्या ओळखीचा होता. १९११-१२ च्या सुमारास तो पुन्हा पडला.

अशा समाजात १९१० च्या सुमारास ‘बुहफाई थाम’ ही पद्धत रुजली. ‘बुहफाई’ म्हणजे सडलेला तांदूळ, ‘थाम’ म्हणजे मूठ. घरातील स्त्री स्वयंपाकासाठी तांदूळ काढते तेव्हा प्रत्येक वेळी त्यातील एक मूठ बाजूला ठेवते. हे तांदूळ मंडळीतील स्त्रिया घरोघरी जाऊन गोळा करतात. जमलेले तांदूळ विकून निधी उभा राहतो. आरंभी हा निधी बायबल स्त्रियांच्या कामासाठी वापरला गेला. पुढे त्याचा व्याप वाढला आणि मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन व बाप्टिस्ट मंडळ्यांच्या मिशनकार्याचा तो एक महत्त्वाचा आधार झाला. जळाऊ लाकूड आणि परसातील भाजी देण्याची जोडही त्याला मिळाली. आज मिझोरामच्या मंडळ्या भारताच्या इतर भागांत आपले मिशनरी पाठवतात.

ही पद्धत का टिकली, याची कारणे शोधण्यासारखी आहेत.

पहिले, माप प्रत्येक घराच्या आवाक्यातले आहे. ज्या घरात भात शिजतो त्या घरातून मूठ निघू शकते. सगळ्यांच्या मुठी जवळजवळ सारख्याच, त्यामुळे श्रीमंत-गरीब असा फरक उघड्यावर येत नाही.

दुसरे, देण्याला वेगळी आठवण लागत नाही. चूल पेटली की आठवण होतेच. वर्षातून एकदा मोठी रक्कम काढणे जड जाते, रोजची मूठ जात नाही.

तिसरे, निर्णय स्वयंपाकघरात होतो. ज्या समाजात रोख पैशाचे व्यवहार बहुधा पुरुषांकडे असतात, तिथे स्त्रीच्या हाती स्वतःचे दान येते. गोळा करणाऱ्याही स्त्रियाच असल्याने त्या घराघरांची स्थिती जाणतात.

चौथे, मुले हे रोज पाहतात. दानाचे शिक्षण प्रवचनापेक्षा तांदळाच्या मडक्याजवळ लवकर होते.

लहान मापातून किती उभे राहते, याचा एक हिशोब मांडून पाहा. समजा एक मूठ ५० ग्रॅमची आणि दिवसातून दोन वेळा स्वयंपाक होतो. एका घराचे वर्षाला ३६.५ किलो होतात. मंडळीत ८० कुटुंबे असतील तर २,९२० किलो. तांदळाचा भाव किलोला ४० रुपये धरला तर १,१६,८०० रुपये. कोणत्याही घराला एका वेळी दोन रुपयांपेक्षा अधिक काढावे लागले नाहीत.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी खेड्यांतील स्त्रिया धान्याची मूठ बाजूला काढत. ‘मुष्टिफंड’ हा शब्द त्यातूनच सर्वांच्या परिचयाचा झाला. हेतू वेगळा, पण तत्त्व तेच: काम माझे आहे, म्हणून माझी मूठ त्यात असली पाहिजे.

५.३ दोर्नाकल: गरिबाचा देण्याचा हक्क

व्ही. एस. अझरिया हे तमिळ ख्रिस्ती पुढारी १९१२ मध्ये दोर्नाकलचे बिशप झाले. अँग्लिकन मंडळीतील ते पहिले भारतीय बिशप. त्याआधी १९०३ मध्ये तिरुनेलवेलीची इंडियन मिशनरी सोसायटी आणि १९०५ मध्ये नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. या दोन्ही संस्थांचे सूत्र असे की काम भारतीय माणसांनी आणि भारतीय पैशाने चालावे.

दोर्नाकलच्या तेलुगू भागातील बहुसंख्य ख्रिस्ती माला व मादिगा या समाजांतील होते, बहुतेक शेतमजूर. यांच्याजवळ द्यायला काय आहे, असे म्हणून त्यांना वगळणे सोपे होते. अझरियांनी तसे केले नाही. ख्रिस्ती दान या विषयावर त्यांनी पुस्तक लिहिले आणि देणे हा शिष्यत्वाचाच भाग असल्याचे शिकवले. कापणीच्या वेळी लोक धान्य, कोंबडी, भाजी अशी अर्पणे घेऊन येत. ज्याला गावाने नेहमी उरलेसुरले घेणारा म्हणून वागवले, तो माणूस वेदीपाशी देणारा म्हणून उभा राहतो. या घटनेचे मोल रकमेत मोजता येत नाही. गरिबाकडून काही घेऊ नये, असे म्हणणाऱ्या दयेत नकळत त्याचा अपमान असू शकतो, हा या उदाहरणाचा धडा आहे.

६. व्यवहारात काय करावे

आता तुमच्या मंडळीकडे वळू. पुढील सूचना पाळक, वडीलजन, डीकन आणि कोषाध्यक्ष यांच्यासाठी आहेत.

६.१ आधी काम सांगा, मग रक्कम

‘मंडळीला पैशाची गरज आहे’ या वाक्याने कोणाचेही मन हलत नाही. वर्षाच्या सुरुवातीला अंदाजपत्रक सर्वांसमोर ठेवा आणि ते घरगुती भाषेत समजावून सांगा. वेतनाला किती, दुरुस्तीला किती, गरजूंना किती. गरजूंच्या मदतीसाठी ठरावीक हिस्सा आधीच बाजूला काढा. जी मंडळी स्वतः बाहेर देते, तिच्या सभासदांना देण्याचा अर्थ वेगळा समजावावा लागत नाही.

६.२ उत्पन्नाच्या चालीप्रमाणे वेळ ठरवा

नोकरदाराला महिन्याच्या पहिल्या रविवारी देणे सोयीचे. शेतकऱ्याला कापणीनंतर. ऊसतोड मजुराच्या कुटुंबाला कारखान्याचा हंगाम संपवून गावी परतल्यावर. सगळ्यांना एकाच महिन्यात एकच रक्कम मागितली की काही घरे न देणारी ठरतात, आणि दोष त्यांचा नसतो. रोजंदारीवरच्या घराला रोजचा किंवा आठवड्याचा डबा सोपा जातो.

६.३ देण्याचे अनेक दरवाजे ठेवा

पाकीट, थैली, धान्याचा डबा, क्यूआर कोड, श्रमदान हे सगळे चालू द्या. फक्त क्यूआर कोड ठेवला तर आजीबाईंची नोट हातातच राहते. फक्त थैली फिरवली तर दूर नोकरीला असलेले तरुण सुटतात. गवंडीकाम, शिवणकाम, मुलांची शिकवणी, रुग्णाजवळ रात्र काढणे, हेही दान म्हणून नोंदवा आणि वार्षिक अहवालात सांगा.

६.४ नाव आणि रक्कम

काही मंडळ्यांत देणाऱ्यांची नावे रकमेसह वाचून दाखवतात किंवा फलकावर लावतात. याने मोठ्या रकमा वाढतात, लहान रकमा लाजतात. मत्तय ६ मध्ये दान गाजावाजा न करता देण्याची शिकवण आहे. पण हिशोब तर उघड हवा. दोन्ही साधण्याचा मार्ग सोपा आहे: एकूण जमा आणि प्रत्येक खर्च जाहीर करा, कोणी किती दिले ते फक्त पावतीवर आणि कोषाध्यक्षाच्या वहीत राहू द्या.

६.५ मोजणी आणि हिशोब

• अर्पण किमान दोघांनी मिळून मोजावे. ते एकाच कुटुंबातील नसावेत.
• मोजल्याबरोबर वहीत आकडा लिहून दोघांनी सही करावी.
• रक्कम शक्य तितक्या लवकर मंडळीच्या नावाच्या खात्यात भरावी. कोणाच्याही वैयक्तिक खात्यात घेऊ नये.
• विशिष्ट कामासाठी आलेले दान त्याच कामासाठी वापरावे. बदल करायचा असेल तर देणाऱ्यांना विचारावे.
• दर तीन महिन्यांनी जमाखर्च फलकावर लावावा. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या न्यासांना हिशोबतपासणी करून घ्यावी लागते. तो अहवाल कपाटात न ठेवता सभासदांना वाचायला द्यावा.
• परदेशातून येणारे दान परदेशी अभिदानाविषयीच्या कायद्याच्या कक्षेत येते. असे दान स्वीकारण्याआधी जाणकार लेखापालाचा सल्ला घ्यावा.

६.६ वर्गणी आणि संस्कार वेगळे ठेवा

वर्गणी थकली म्हणून लग्नाचा दाखला अडवणे, बाप्तिस्म्याची तारीख न देणे किंवा दफनाच्या वेळी थकबाकी काढणे, अशा प्रथा काही ठिकाणी आढळतात. एखाद्या घरावर दुःख कोसळलेले असताना हिशोबाची वही उघडली, तर ते घर पुढच्या पिढीपर्यंत ती गोष्ट विसरत नाही. थकबाकीविषयी घरी जाऊन, एकांतात आणि आधी परिस्थिती विचारून बोलावे. बऱ्याचदा थकबाकीमागे बेकारी, आजारपण किंवा कर्ज निघते. अशा वेळी वसुलीची नव्हे, मदतीची वेळ आलेली असते.

७. आमिष आणि भीती: दोन सापळे

मलाखी ३ मधील आशीर्वादाच्या वचनाचा आधार घेऊन, जितके द्याल त्याच्या अनेक पटींनी पैसा परत मिळेल, असे काही उपदेशक शिकवतात. हा उतारा ज्या संदर्भात आहे तो पाहावा. संपूर्ण राष्ट्राने दशमांश भांडारात आणण्याचे थांबवले होते, त्याबद्दल संदेष्टा बोलतो. आदल्याच भागात मजुरांचे वेतन अडवणाऱ्यांचा आणि विधवा व अनाथांवर जुलूम करणाऱ्यांचा निषेध आहे. एखाद्या व्यक्तीला गुंतवणुकीसारखा परतावा मिळण्याचे सूत्र म्हणून हा उतारा वापरता येत नाही.

या शिकवणीचा सर्वांत मोठा फटका बसतो तो आजारी आणि कर्जबाजारी माणसाला. बरे होण्याच्या आशेने तो उसने काढून देतो. परिस्थिती सुधारली नाही तर आपला विश्वासच कमी पडला, असे त्याला वाटू लागते. पैसा जातो आणि मनाचा आधारही जातो. म्हणून जबाबदार मंडळीने स्पष्ट सांगावे: कर्ज काढून अर्पण देऊ नका, मुलांची फी आणि औषध यांचा पैसा येथे आणू नका. असे सांगणाऱ्या मंडळीचे दान घटेल अशी भीती वाटते. पण लोक ज्यांच्यावर विश्वास ठेवतात त्यांच्या हाती मोकळ्या मनाने देतात.

नेत्याचे स्वतःचे वागणेही येथे येते. पाळक आणि कमिटीचे सदस्य स्वतः नियमित देतात का, मंडळीचा पैसा काटकसरीने वापरतात का, हे सभासद न बोलता पाहत असतात.

८. सारांश

• बायबलमध्ये दानाचा उगम मिळालेल्या कृपेत आहे. त्याचा हेतू समानता आणि परस्परांची काळजी हा आहे.
• पौलाच्या पद्धतीत स्वखुशी, ऐपतीप्रमाणे माप, ठरलेली वेळ आणि उघड हिशोब या चारही गोष्टी एकत्र आहेत. त्यांतील एक काढली तर बाकीच्या डळमळतात.
• मिझोरामची मूठ आणि दोर्नाकलची कापणीची अर्पणे दाखवतात की गरीब मंडळी स्वतःच्या पायांवर उभी राहू शकते, आणि देण्याने गरिबाचा मान वाढतो.
• लाज, भीती आणि आमिष यांनी पैसा जमतो, पण मंडळी खचते.

९. स्वाध्याय

१. २ करिंथ ८ आणि ९ वाचा. पौलाने दानासाठी वापरलेल्या शब्दांची यादी करा. तुमच्या मंडळीतील अर्पणाच्या वेळच्या घोषणेत यांपैकी कोणते शब्द ऐकू येतात?

२. ‘बुहफाई थाम’ शहरातील सदनिकांत राहणाऱ्या मंडळीत चालेल का? तांदळाऐवजी रोजच्या जगण्यातील कोणती लहान गोष्ट तुम्ही माप म्हणून निवडाल? कारणे द्या.

३. तुमच्या मंडळीच्या मागील वर्षाच्या जमाखर्चात गरजूंच्या मदतीवर किती टक्के खर्च झाला ते काढा. तो आकडा अंदाजपत्रकात आधीच ठरवलेला होता की उरलेल्यातून दिला गेला?

४. सहा महिन्यांपासून वर्गणी न भरलेल्या एका कुटुंबाला भेटायला जायचे आहे. पहिल्या दहा मिनिटांत तुम्ही काय विचाराल आणि काय विचारणार नाही, ते लिहा आणि गटात चर्चा करा.